टमी टकनंतरचा सव्वा महिना

(साताऱ्यात महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित भगिनींनो, आणि मागच्या रांगांत थोडे संकोचून बसलेल्या बंधूंनो, टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून पोट आवळण्याच्या शस्त्रक्रियेवर बोलायचे ठरले तेव्हा ती कशी करतात हे सांगण्यापेक्षा ती झाल्यावर घरी काय होते हे सांगावे, असे मी आयोजकांना सुचवले. शस्त्रक्रियेचे दोन-चार तास आम्हा डॉक्टरांच्या हातात असतात. त्यानंतरचे सहा आठवडे घराच्या हातात असतात. आणि आपल्या घरांना बाईच्या विश्रांतीचा एकच नमुना ठाऊक असतो, तो म्हणजे बाळंतपणाचा. या शस्त्रक्रियेनंतर जे घोळ होतात त्यांतले पुष्कळसे हा नमुना नको तिथे लावल्यामुळे होतात, आणि गंमत अशी की त्यातली जी एक गोष्ट खरोखर उचलावी, तीच नेमकी उचलली जात नाही.

आधी नेमके काय केले जाते ते थोडक्यात सांगते. ओटीपोटाच्या तळाशी, कमरेच्या एका बाजूच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत आडवा छेद घेतात आणि तिथून वर बरगड्यांच्या कडेपर्यंत कातडी व तिच्याखालची चरबी स्नायूंपासून सोडवतात. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकतात आणि कित्येकींचे ते नंतर पुरते जवळ येत नाहीत. ही फट टाके घालून मिटवतात. मग सैल कातडी खाली ओढून जादा भाग काढून टाकतात. बेंबी आपल्या देठासह मूळ जागीच राहते, ताणलेल्या कातडीत तिच्यासाठी फक्त नवे छिद्र करावे लागते. पोटाची लोंबती कातडी अशी आडव्या छेदाने काढण्याचे काम बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १८९९ साली केले होते, म्हणजे ही कल्पना आजची नव्हे. मात्र आतड्यांभोवती साठलेल्या चरबीला या शस्त्रक्रियेत तेव्हाही हात लागत नव्हता आणि आजही लागत नाही.

आता घरी आलेली बाई. पहिला प्रश्न येतो तो शेकाचा. बाळंतिणीला शेक देतात, तसा हिलाही द्यावा, कंबर आणि पोट मोकळे होईल, अशा प्रेमळ हेतूने सासूबाई किंवा आई गरम पाण्याची पिशवी घेऊन येतात. कातडी स्नायूंपासून सोडवताना तिच्यात येणाऱ्या बारीक संवेदना-नसा तुटलेल्या असतात आणि त्यामुळे बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. पिशवी किती गरम आहे हे त्या जागेला कळतच नाही. भाजते आहे हे बाईला जाणवत नाही, आणि पदर बाजूला केल्यावर फोड दिसतात. तेव्हा पोटावर शेक नाही, आणि तितक्याच ठामपणे बर्फही नाही. जखमेवर हळदीचा लेपही नको. हळदीचे स्वयंपाकघरातले स्थान मला मान्य आहे, पण टाक्यांच्या रेषेवर निर्जंतुक नसलेली कोणतीही पूड नको.

दुसरी गोष्ट पडून राहण्याची. ‘उठू नकोस, आम्ही आहोत ना’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पाय हलले नाहीत तर पोटरीच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रुग्णाला उठवून चार पावले चालवतो; काहींना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने आणि पायात घट्ट मोजेही देतो. घरी आल्यावर दिवसा दर तासा-दोन तासांनी खोलीत फेरी मारावी. चालताना आठ-दहा दिवस थोडे वाकून चालावे लागते, कारण ताठ उभे राहिल्यास टाक्यांवर ताण येतो. ‘म्हातारीसारखी चालते’ असे कोणी हसले तर हसू द्यावे. झोपताना पाठीमागे दोन-तीन उशा आणि गुडघ्यांखाली एक उशी हवी. जमिनीवरची गादी या काळात नको, कारण तिच्यावरून उठताना पोटाचाच जोर लागतो. पलंगावरूनही एकदम उठू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि कोपरावर भार देऊन उठावे. खोकला किंवा शिंक आली तर पोटाशी उशी धरावी. पाटावर बसून जेवणे आणि उकिडवे बसावे लागणारा शौचकूप या दोन्ही गोष्टी काही आठवडे टाळाव्यात. कमोडची खुर्ची बाजारात सहज मिळते. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत दुखले, तर उद्याच्या तपासणीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

ड्रेनच्या नळीला घरचे फार घाबरतात. जखमेच्या आत साचणारा द्रव बाहेर यावा म्हणून ही नळी ठेवतात. तिच्या टोकाला दाबून बसवलेला प्लास्टिकचा फुगा असतो, तो गाऊनला सेफ्टी पिनने अडकवायचा, म्हणजे नळीला हिसका बसत नाही. रोज ठरावीक वेळी हात धुऊन फुगा रिकामा करायचा, माप बघून किती मिलिलिटर द्रव आला ते वहीत लिहायचे, आणि फुगा पुन्हा दाबून झाकण लावायचे. लालसर द्रव हळूहळू फिका गुलाबी आणि मग पिवळसर होत जातो. चोवीस तासांत तो साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आला की नळी काढतात. काही नेटक्या बायका दुधाच्या हिशेबाच्या वहीतच मागच्या पानावर ही नोंद ठेवतात, आणि ती नोंद आम्हाला फार उपयोगी पडते. नळी काढल्यावरही कधी कधी आत पाणी साचते. पोटावर हात ठेवला की ते आत हिंदकळल्यासारखे लागते. या शस्त्रक्रियेनंतरची ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. दवाखान्यात सुईने पाणी काढले की ती बरी होते, पण दुखणे अंगावर काढू नये. ताप, जखमेभोवती पसरत जाणारी लाली, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा कडेची कातडी काळी पडणे, यांपैकी काहीही दिसले तर फोन करायला संकोच नको.

आता मिशरी. मी जाणूनबुजून हा शब्द मोठ्याने उच्चारते, कारण तंबाखू खाता का असे विचारले की आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी बायका मनापासून ‘नाही’ म्हणतात, आणि सकाळ-संध्याकाळ मिशरी लावतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यातले निकोटिन हिरड्यांवाटे रक्तात जाते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. शस्त्रक्रियेत सोडवलेल्या कातडीला रक्त आता वरून आणि दोन्ही बाजूंनीच मिळते. त्या पुरवठ्यापासून सगळ्यात लांबची जागा म्हणजे टाक्यांच्या रेषेचा मधला भाग. तिथेच रक्त कमी पडते, तिथेच कातडी मरते आणि तिथेच जखम उकलते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे मिशरी, विडी, सिगारेट, गुटखा सगळे बंद, आणि कायमचे सुटले तर उत्तमच. खरे सांगितले म्हणून डॉक्टर रागावत नाहीत. तारीख पुढे ढकलतात, इतकेच.

पोट बांधण्याबद्दल दोन शब्द. सुती साडीने पोट बांधण्याची रीत आणि शस्त्रक्रियेनंतरचा पट्टा यांत फरक आहे. पट्टा सूज आवरतो आणि आधार देतो. तो चार ते सहा आठवडे वापरायला सांगतात. ‘जितका घट्ट तितके पोट आत’ हा समज मात्र घातक आहे, कारण अती घट्ट पट्ट्याने त्याच कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि श्वासही पुरता घेता येत नाही. परकराची नाडीही व्रणावर किंवा त्याच्या जरा वर काचते, तेव्हा पहिले काही महिने सैल गाऊन किंवा रुंद इलॅस्टिकचा परकर वापरावा. व्रण आधी लाल आणि थोडा उंच होतो, तो फिका पडायला वर्ष-दीड वर्ष लागते. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल लावल्याने व्रण सपाट व्हायला मदत होते.

बाळंतपणातली घ्यायची गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे सव्वा महिना. बाळंतिणीला सव्वा महिना काम सांगत नाहीत हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. इथे जवळपास तितकाच, म्हणजे सहा आठवड्यांचा काळ लागतो, कारण मिटवलेल्या स्नायूंचा सांधा तोवर पक्का झालेला नसतो. चार-पाच किलोहून जड काही उचलायचे नाही, असे आम्ही सांगतो आणि बायका मान डोलावतात. पण भरलेली बादली पंधरा-वीस किलोची असते, दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोचे असते आणि भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. हे आकडे घरच्यांसमोर बोलावे लागतात. या शस्त्रक्रियेकडे हौस म्हणून बघितले जात असल्यामुळे ‘स्वतःच्या हौसेने केलेस, आता काम कर’ असा सूर निघतो, आणि तो टाळायला काही जणी नातेवाइकांना हर्नियाचे ऑपरेशन झाले असे सांगतात. नातेवाइकांना काय सांगायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न; पण घरात राहणाऱ्या माणसांपासून लपवले, तर बादली कोण उचलणार? माझे मत असे की घरातल्या दोन माणसांना सोबत घेऊन दवाखान्यात आल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख ठरवूच नये.

खाण्याचेही तसेच. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा हा थाट इथे नको. जखम भरायला प्रथिने लागतात: मटकी, मूग, अंडी, दही, मासे, डाळ. बद्धकोष्ठ झाले तर कुंथताना पोटावर ताण येतो, म्हणून पालेभाज्या, ज्वारीची भाकरी, भरपूर पाणी आणि गरज पडल्यास इसबगोल. पापड-लोणच्याचे मीठ आवरले तर सूज लवकर उतरते. सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते. ती बरीचशी तीन महिन्यांत जाते, पण पूर्ण जायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. दुसऱ्या आठवड्यात आरशासमोर उभे राहून ‘एवढे करून हेच का?’ असे रडू येते, हेही मी आधीच सांगून ठेवते.

सव्वा महिन्यानंतर खरी लांब पल्ल्याची गोष्ट सुरू होते. चालण्यापासून सुरुवात करावी, तीही सपाटीवर. अजिंक्यताऱ्याचा चढ आणि यवतेश्वरचा घाट थांबू शकतात, ते कुठे जात नाहीत. पोटाचे थेट व्यायाम आणि सूर्यनमस्कार साधारण तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांना विचारून, कारण भुजंगासनाच्या स्थितीत पोटाची पुढची भिंत पूर्ण ताणली जाते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार आपल्याच जिल्ह्यातून केला. ती शिस्त मला फार मोलाची वाटते, फक्त तिची वेळ चुकवू नये. पुढे आठवड्याला १५० मिनिटे झपाझप चालणे आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम, एवढे जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रौढांना सांगते.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे की पोट पुन्हा सुटते का. काढलेली कातडी आणि चरबी परत येत नाही, पण उरलेल्या चरबीच्या पेशी वजन वाढले की फुगतात, मग ते वरच्या पोटावर, कमरेवर किंवा पाठीवर दिसते. आतड्यांभोवतीची चरबी वाढली तर ती मिटवलेल्या भिंतीला आतून ढकलते, आणि मधुमेह व हृदयविकाराशी जवळचे नाते तिचेच आहे. शस्त्रक्रियेआधी वजन सहा महिने स्थिर असावे, हा आग्रह याचसाठी. पुन्हा गरोदरपण आले तरी स्नायू फाकू शकतात, म्हणून मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया नंतर करावी. वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरे बोलते: भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही धोक्याची रेषा मानतात. आणि ही रेषा बहुधा जेवणाने ओलांडली जात नाही, मधल्या खाण्याने ओलांडली जाते. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅम साखर आणि सुमारे २४० कॅलरी. त्यात आल्यागेल्याबरोबर खाल्लेले कंदी पेढे मी धरलेले नाहीत. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हा आपला उपवास तर ठाऊक आहेच. चहा बंद करा असे मी म्हणत नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. प्रत्येक कपातला एक चमचा साखर कमी करा आणि महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या पातळीवर टेप लावून आकडा त्याच ड्रेनच्या वहीत लिहा.