इंजिनकाम काढण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

"मेस्त्री, इंजिनकाम निघालंय म्हणतात. किती खर्च येईल?" जुनी गाडी घेतलेला माणूस गॅरेजमध्ये येतो तो बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन. त्यावर माझा उलट प्रश्न ठरलेला. गाडी त्रास देते कधी? सकाळी पहिल्या सेल्फला, की गरम झाल्यावर? सिग्नलला उभी असताना, की घाट चढताना? निम्मं निदान या उत्तरांतच होतं आणि त्याला पैसा पडत नाही.

उदाहरणाला मारुती 800 घेऊ. 1983 च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली, 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, पण गावोगावी अजून धावते आहे. इंजिन 796 सीसीचं, सिलिंडर तीनच. तक्रार असते "मिसिंग मारते", म्हणजे इंजिन मधूनच ठोका चुकवतं. तिनांतला एक सिलिंडर बसला, म्हणजे काम करेनासा झाला, की तिसरा हिस्सा ताकद गेली. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतं आणि चढावर दुसऱ्या गिअरलाही ती रडते. बसलेला सिलिंडर कोणता, हे कळायला इंजिन खोलावं लागत नाही. एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेली गाडी असेल तर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं. जे काढल्यावर आवाज आणखी बिघडतो, तो सिलिंडर काम करतोय. जे काढूनही काहीच फरक पडत नाही, तो आपला आजारी. चालू इंजिनात प्लगची लीड, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्लगला करंट नेणारी वायर, मात्र हाताने ओढू नका. झटका असा बसतो की परत बॉनेटला हात लावायची इच्छा होत नाही.

आता त्या सिलिंडरचा प्लग काढून शेजारच्यात घाला आणि शेजारचा यात. मिसिंग शेजारी गेलं, तर दोष प्लगचा. तिथेच राहिलं, तर लीड बघा. लीड फुटली असेल तर काळोखात बॉनेट उघडल्यावर निळी ठिणगी बाहेर उडताना दिसते. एक सांगतो, या गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून प्लग गार इंजिनातच काढा. गरम असताना जोर लावलात तर हेडमधले आटेच निघून येतात.

काढलेले तिन्ही प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा आणि उजेडात नीट बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळणं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओला, तेलकट प्लग म्हणजे ऑइल वर येतंय. आणि तिनांतला एकच लख्ख धुतल्यासारखा निघाला, तर माझा हात आधी रेडिएटरच्या पाण्याकडे जातो. गॅस्केटमधून, म्हणजे हेडखालच्या सीलच्या पत्र्यातून, त्या सिलिंडरात पाणी उतरत असण्याची शंका येते.

प्लग, लीड, इंजेक्टर सगळं ठीक असूनही सिलिंडर बसलेलाच असेल, तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजायचं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. गेज दर चौरस सेंटिमीटरला दहा-बारा किलोच्या आसपास यावं आणि सिलिंडरा-सिलिंडरांत एका किलोपेक्षा जास्त फरक नसावा. एकात कमी आलं, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्यात. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही चाचणी न करता कुणी "रिंग-पिस्टन टाकावे लागतील" म्हणत असेल, तर चहा पिऊन खुशाल उठा.

धुराबद्दल थोडक्यात. थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ दोन मिनिटांत गेली तर काळजी नाही. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना निळा फुगारा सोडला आणि मग बंद झाला, तर बहुधा व्हॉल्व्ह सील. हे काम रिंगांपेक्षा बरंच स्वस्त. चढावर सतत निळा धूर येत असेल तर मात्र रिंगा. जुनी गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. मालकाने गाडी अगोदरच गरम करून ठेवली असेल, तर हे काहीच दिसणार नाही. तेव्हा गार झाल्यावर परत या.

आता गरम होण्याचं दुखणं. ट्रॅफिकमध्ये काटा चढतो, हायवेला उतरतो? फॅन, त्याचा स्विच किंवा फ्यूज. ट्रॅफिकमध्ये ठीक, पण हायवेला आणि घाटात चढतो? रेडिएटर चोंदलाय किंवा पाण्याचा पंप गेलाय. रेडिएटरचं झाकणही बघा. त्यावर 0.9 असा आकडा असतो. तेवढा दाब धरल्यामुळे आतलं पाणी शंभरऐवजी जवळजवळ 118 अंशांना उकळतं. रबर सैल झालं की दाब गेला आणि पाणी लवकर उकळू लागलं.

आपल्याकडे यावर एक रामबाण म्हणून चालतो, "थर्मोस्टॅट काढून टाका". थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. मला हा उपाय अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हायवेला धड तापतच नाही. गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गार आहे, तो पेट्रोल वाढवत राहतो आणि मग मालक ॲव्हरेजसाठी इंजेक्टर साफ करत फिरतो. थर्मोस्टॅट तपासायचा तर पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडताना दिसला पाहिजे. नाही उघडला तर नवा घाला.

आणि तापूनही गाडी तशीच दामटली, तर गॅस्केट उडतं. रेडिएटरच्या पाण्याच्या टाकीत सतत बुडबुडे, डिपस्टिकला दुधाळ ऑइल, ही त्याची खूण. अशा वेळी नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांतलं, 0.05 मिलिमीटरचं पान खाली सरकतंय का, हे मेस्त्रीला तुमच्यासमोर बघायला सांगा. सरकलं तर हेड फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला, लेथवाल्याकडे. बसवताना बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंत आवळणाऱ्या पान्यानेच, आवळायचे. ऑइल आणि फिल्टर बदलायचा, साध्या नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरायचं आणि पुढचा आठवडाभर रोज सकाळी, गार इंजिनात, झाकण उघडून पातळी बघायची.