स्वयंपाकघरालगतची खोली

दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या अनेक सदनिकांच्या नकाशात स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली दिसते. ती ‘सिकमो’ची, म्हणजे खेड्यातून आलेल्या, बहुधा जेवण आणि आसऱ्याच्या मोबदल्यात राबणाऱ्या मुलीची. या शब्दाची फोड केली तर ‘अन्न’ आणि ‘आई’ हे अर्थ निघतात. मान मात्र शब्दापुरताच.

किम की-यंग यांच्या १९६०च्या ‘द हाउसमेड’मध्ये एक संगीतशिक्षक दुमजली घर बांधतो, त्यापायी शिलाई मशीनवर बसून पत्नीची प्रकृती खालावते, आणि म्हणून घरात मोलकरीण येते. कपाटात उंदराचे विष आहे हे एकदा कळल्यावर पुढे पाण्याचा साधा पेलासुद्धा संशयास्पद वाटू लागतो. चित्रपट विलक्षण आहे, यात वाद नाही. पण कष्टाने मिळवलेले घर हातचे जाईल ही त्यातली भीती मालकाची आहे, आणि त्या मुलीच्या पगारात किंवा सुट्टीत कॅमेऱ्याला फारसा रस नाही.

कायद्यालाही नव्हता. १९५३च्या श्रम मानक कायद्याने घरकामासाठी ठेवलेल्या व्यक्तींना आपल्या कक्षेतून सरळ वगळले, आणि ते कलम अजूनही कायम आहे.

बाँग जून-हो यांच्या २०१९च्या ‘पॅरासाइट’मधली मून-ग्वांग ही मोलकरीण घरासोबतच जुन्या मालकाकडून नव्या मालकाकडे आलेली आहे. तिला पीचची ॲलर्जी आहे. तिचाच फायदा घेऊन आणि कचऱ्यातल्या टिश्यूवर लाल सॉसचा ठिपका पाडून तिला क्षय झाल्याचा देखावा रचला जातो आणि तिची नोकरी जाते. ना चौकशी, ना तिचे म्हणणे ऐकून घेणे. प्रेक्षक कटाच्या हुशारीवर खूश असतो. एवढ्या सहज कामावरून काढता येते कसे, हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही.

जून २०२२पासून लागू झालेल्या स्वतंत्र कायद्यात ‘घरकामगार’ हा शब्द आला. मोलकरणीपासून घरकामगारापर्यंतची ही वाट मराठीलाही परिचित आहे. किमान वेतन, भरपगारी रजा, सामाजिक विमा आणि नोकरी सुटताना मिळणारी रक्कम हे हक्क त्यात आहेत. २०२४मध्ये सोलमध्ये कामाला आलेल्या १०० फिलिपिनो महिलांनाही त्यामुळेच किमान वेतन द्यावे लागले, आणि ते परवडत नाही, अशी ओरड लगेच सुरू झाली.

मात्र हे संरक्षण सरकारमान्य संस्थांनी नेमलेल्या कामगारांनाच मिळते. मून-ग्वांगला घरमालकांनी थेट ठेवलेले आहे, त्यामुळे ती आजही या कायद्याच्या बाहेरच राहिली असती.