दार बंद झाल्यावर

(दृश्य: विमानाचं दार आतून बंद होतं. हँडल खाली येतं.)

११ मार्च २०२३. लंडनहून मुंबईला येणारं विमान हवेत आहे आणि टॉयलेटमधला धुराचा अलार्म वाजतो. क्रू धावत जाते. आत एक प्रवासी सिगारेट ओढतोय. त्याला अडवलं, तर तो क्रूवरच ओरडायला लागतो. कसंबसं जागेवर आणून बसवलं, तर थोड्या वेळाने उठून विमानाचं दार उघडायला बघतो. शेवटी हातपाय बांधून त्याला सीटवर बसवावं लागलं.

एवढ्या उंचीवर ते दार उघडत नाही. आतल्या हवेच्या दाबाने ते घट्ट बसलेलं असतं, दहा जणांनी ओढलं तरी हलायचं नाही. क्रूला हे शिकवलेलं असतं. पण चार रांगा सोडून बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला ते कुठून ठाऊक असणार? दाराशी झटणाऱ्या माणसाला आवरायचं आणि तिच्या डोळ्यांतली भीतीही आवरायची, दोन्ही कामं त्याच चार-सहा जणांची.

एका सिगारेटचं एवढं काय, असं वाटेल. ११ जुलै १९७३ ला ब्राझीलच्या वारिग कंपनीचं विमान पॅरिसला उतरायच्या बेतात होतं. मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली, बघता बघता केबिन धुराने भरली. वैमानिकांनी विमान शेतात उतरवलं, तरी १२३ माणसं गेली. कचऱ्याच्या डब्यात पडलेलं थोटूक हे त्याचं संभाव्य कारण.

(दृश्य: टॉयलेटच्या दारावरचा लहानसा अ‍ॅशट्रे, अगदी जवळून.)

हा अ‍ॅशट्रे बघा. धूम्रपानाला पूर्ण बंदी आहे, तरी तो इथे असतो, आणि नियमानेच असतो. कुणीतरी कधीतरी पेटवणारच, मग निदान विझवायला सुरक्षित जागा हवी.

'हवाई सुंदरी' हा शब्द मला कधीच पटला नाही. १८० सीटच्या विमानात चार जण क्रू असतात, दर ५० सीटमागे एक. ते चहा-सँडविचसाठी मोजलेले नाहीत. आग लागली तर विझवायला आणि ९० सेकंदांत विमान रिकामं करायला ते आहेत.

त्यांच्याकडे पहिलं हत्यार असतं ते आवाज. एक जण प्रवाशाशी बोलतो, हळू, त्याच्या डोळ्यांत बघून. दुसरा दोन पावलं मागे उभा राहतो. तिसरा इंटरफोनवरून कॅप्टनला कळवतो. कॅप्टन मात्र बाहेर येत नाही, कॉकपिटचं दार अशा वेळी उघडायचं नसतं. मग तोंडी ताकीद, मग लेखी ताकीद, आणि काहीच चाललं नाही तर प्लॅस्टिकचे पट्टे. आजूबाजूचे प्रवासी मदतीला आले तर बरं. पुष्कळदा ते मोबाइल काढतात.

परदेशी फेऱ्यांवर दारू मिळते, भारतातल्या देशांतर्गत विमानात नाही. केबिनमधली हवा आठ हजार फुटांइतकी विरळ होऊ शकते, आपलं कळसूबाई जेमतेम ५,४०० फूट. त्यात झोप नाही, पोटात काही नाही, मग दारू जास्तच चढते. क्रू मनातल्या मनात कुणाचा कितवा ग्लास ते मोजत असते. पण बॅगेत लपवलेली ड्युटी-फ्रीची बाटली तिच्या हिशोबात नसते.

डिसेंबर २०२२ मधला इस्तंबूल-दिल्ली विमानातला व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. वाद जेवणावरून. प्रवासी बोट दाखवून ओरडतोय. क्रूमधली एक बाई पुढे येते आणि सांगते, तुमच्यामुळे माझी क्रू रडते आहे. तो तिला 'नोकर' म्हणतो, तेव्हा तिचा आवाज चढतो: मी इथे कर्मचारी आहे, तुमची नोकर नाही. तिने आवाज चढवायला नको होता, असं म्हणणारेही निघाले. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मला तिचंच पटलं.

धिंगाणा घालणाऱ्या प्रवाशावर विमानप्रवासाची बंदी घालायच्या आपल्याकडच्या नियमाला महाराष्ट्रातलीच एक घटना कारण झाली. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादच्या तेव्हाच्या खासदारांनी पुण्याहून दिल्लीला पोचलेल्या विमानात एअर इंडियाच्या वयस्कर अधिकाऱ्याला चपलेने मारलं, आणि कॅमेऱ्यासमोर तसं सांगितलंही. विमान कंपन्यांनी त्यांना तिकीट नाकारलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम आले. शिवीगाळ आणि दारूचा धिंगाणा, तीन महिन्यांपर्यंत बंदी. धक्काबुक्की किंवा नको तिथे हात लावणं, सहा महिन्यांपर्यंत. जीवावर बेतणारं कृत्य, किमान दोन वर्षं. निर्णय देते निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती.

पण नियम चालतो तो क्रूच्या मागे कंपनी उभी राहिली तर. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात एका प्रवाशाने वृद्ध महिलेच्या अंगावर लघवी केली. विमान उतरलं आणि तो माणूस सरळ घरी गेला. डीजीसीएला कळलं ते जानेवारीत. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला, मुख्य वैमानिकाचा परवाना तीन महिने निलंबित झाला. त्या बाईंना उतरल्या उतरल्या पोलीस दिसायला हवे होते, याचा मला आजही राग येतो.

लंडनहून आलेल्या त्या प्रवाशावर मुंबईत सहार पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. अंधेरीच्या कोर्टाने २५ हजारांवर जामीन दिला. त्याचं म्हणणं, दंड संहितेच्या कलम ३३६ ला (दुसऱ्यांचा जीव धोक्यात घालणं) २५० रुपये दंड आहे, इंटरनेटवर वाचलंय, तेवढेच भरतो. कायद्यात खरोखरच तेवढाच आकडा होता. नव्या न्याय संहितेत तो २,५०० झाला आहे.

(दृश्य: रिकामी केबिन. मागची गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर. जंप सीटवर, क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, बसून कुणीतरी लिहितंय.)

प्रवासी उतरून गेले. क्रू अजून आत आहे, अहवाल लिहायचाय. सीट नंबर. अलार्म वाजल्याची वेळ. ताकीद किती वेळा दिली, कुणी दिली. ज्यांनी पाहिलं त्यांचे सीट नंबर. आणि शिव्या, जशा दिल्या तशाच, शब्दाला शब्द. एका शिवीपाशी पेन थांबतं. मग ती लिहिते.