‘सेट’ : बसण्यातून बसवण्याकडे

अध्यक्ष महोदय आणि सभासदहो,

‘सभासद’ हे संबोधन मी मुद्दाम वापरले आहे. त्यातल्या ‘सद्’कडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या 1989 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे 430 अर्थ दिले असून ती एकच नोंद सुमारे 60,000 शब्दांची आहे. (पुढे ‘रन’ने 645 अर्थांनिशी त्याला मागे टाकले, पण माझे मन ‘सेट’मध्येच अडकले आहे.) हे अर्थ सुटेसुटे पाठ करायचे नसतात, ते बहुतांशी एकाच क्रियेचे विस्तार आहेत आणि ती क्रिया समजून घेण्याची किल्ली मराठीतच आहे, हे मला आज सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या सूचनापत्रकाचे भाषांतर माझ्याकडे तपासायला आले. मोडलेले हाड ‘सेट’ केल्यावर प्लास्टर ‘सेट’ होईपर्यंत हात हलवू नये, एवढाच मूळ मजकूर. भाषांतरात ‘हाड ठेवल्यावर प्लास्टर वाळेपर्यंत’ असे छापले होते. भाषांतरकाराने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला होता, आणि हाड कुठे ठेवायचे, हे विचारायला रुग्ण मोकळा होता! वास्तविक हाड आपण बसवतो. हा शब्द घरातल्या आजीच्याही तोंडी असतो. ‘वाळेपर्यंत’ ही चूक तर अधिक गंभीर होती. प्लास्टर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने काही मिनिटांतच घट्ट होते, त्या वेळी ते हाताला कोमट लागते. पूर्ण वाळायला मात्र त्याला एक-दोन दिवस लागतात. पत्रक शब्दशः पाळणाऱ्या रुग्णाने दोन दिवस बोटेही हलवली नसती. मी ते ‘हाड बसवल्यावर प्लास्टर घट्ट होईपर्यंत’ असे दुरुस्त केले. त्या भाषांतरकाराला मी दोष देत नाही. शाळेत आपल्या हाती शब्द आणि त्यापुढे एक प्रतिशब्द अशी यादी दिली जाते, आणि याबद्दलची माझी तक्रार अजूनही जुनी झालेली नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो.

प्राचीन इंग्रजीत ‘सिट्टन’ म्हणजे बसणे आणि त्याचे प्रयोजक रूप ‘सेट्टन’, म्हणजे बसवणे. संस्कृतात ‘सद्’ म्हणजे बसणे, त्यापासून ‘सादयति’ म्हणजे बसवतो असे रूप झाले, त्याच घडणीचे हे रूप आहे आणि धातूही मुळात तोच: सभासद, परिषद, उपनिषद यांतला. आपले ‘बसणे’ वेगळ्या धातूचे असले, तरी त्याने वाट तीच धरली. अंगठीत हिरा बसवतात, दात बसवतात, नाटक बसवतात, कामाची घडी बसवतात. यांतल्या बहुतेक ठिकाणी इंग्रजी माणूस ‘सेट’ म्हणेल. सूर्य ‘सेट’ होतो तोही खाली जाऊन. आपल्याकडे गाळ तळाशी बसतो आणि पावसाने भिंत बसते, तसाच.

गजर आणि आग यांना मात्र आपण ‘लावतो’. तिथे ‘बसवणे’ चालत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. आणि भांड्यांचा किंवा पुस्तकांचा ‘सेट’, म्हणजे संच, हा तर मुळात पाहुणा आहे: अनुयायांचा पंथ या अर्थाच्या लॅटिन ‘सेक्टा’तून तो जुन्या फ्रेंचमार्गे आला आणि उच्चार जुळल्यामुळे या क्रियापदाच्या शेजारी येऊन बसला.