गारेच्या शिरेतलं पाणी

(जळगाव येथे भूविज्ञानाचे विद्यार्थी, शिक्षक आणि सराफ बाजारातली मंडळी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीतली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, घ्या. तिचा पातळ काप काढून डिसेंबरातल्या सकाळी जळगावात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तिच्यातल्या एखाद्या बारीक कुपीत तीन थर एकात एक दिसतात: बाहेर पाणी, त्याच्या आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचं कडं आणि मधोमध त्याच वायूचा थरथरणारा बुडबुडा. तोच काप मे महिन्यात भर दुपारी पाहा. खोलीत वातानुकूलन नसेल तर त्याच कुपीत दोनच थर दिसतील. कुपीला काहीही झालेलं नाही. कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३१.१ अंश सेल्सिअस आहे. त्याच्या वर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो. म्हणून खानदेशात हे काम करणाऱ्यानं नोंदवहीच्या पहिल्या रकान्यात खोलीचं तापमान लिहावं. नुसतं 'दोन प्रावस्था', म्हणजे दोन थर, एवढंच लिहिलं, तर सहा महिन्यांनी ती नोंद वाचणारा त्या कुपीला साध्या खाऱ्या पाण्याची कुपी समजतो आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

या कुप्यांना फ्लुइड इन्क्लुजन म्हणतात. मराठीत 'द्रायू समावेश' असा शब्द आहे, पण आज मी कुपीच म्हणणार आहे, कारण ती खरोखर कुपीच असते. स्फटिक वाढताना त्याच्या पृष्ठभागावर खाचा राहतात किंवा तयार स्फटिकाला नंतर तडे जाऊन ते पुन्हा सांधतात. त्या वेळी भोवताली जो द्रव असेल त्याचा थेंब आत अडकतो. थेंब गरम असताना अडकतो, कुपी तेव्हा पूर्ण भरलेली असते. पुढे खडक थंड होतो. गारगोटी फारशी आकसत नाही, द्रव मात्र बराच आकसतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत बुडबुडा तयार होतो. म्हणजे उलट दिशेनं, कुपी तापवत गेलो आणि बुडबुडा नाहीसा झाला, की थेंब किमान किती गरम असताना अडकला, ते त्या तापमानावरून कळतं. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५८ साली हे तर्कशास्त्र मांडलं. आजची उपकरणं कितीही सुधारली तरी पाया तोच आहे.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. अजिंठ्याच्या डोंगरात त्याच्या पोकळ्यांत क्वार्ट्झ, ॲमेथिस्ट, झिओलाइट सापडतात. लेण्यांजवळ विकायला असतात ते हेच. या क्वार्ट्झमधल्या अनेक कुप्यांत बुडबुडा नसतोच, नुसतं पाणी असतं, कारण ते कमी तापमानाला अडकलं आणि थंड होताना फारसं आकसलं नाही. विद्यार्थ्यांनी सरावाला हा दगड जरूर वापरावा. पण सोन्याच्या शिरेशी, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेल्या गारगोटीच्या पट्ट्याशी, त्याची गल्लत करू नये. कोलार आणि हट्टीच्या शिरा धारवाडच्या ग्रीनस्टोन पट्ट्यांतल्या, म्हणजे प्राचीन लाव्हाच्या रूपांतरित हिरवट खडकांतल्या, आहेत, अडीच अब्ज वर्षांच्या आसपासच्या, जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल, दाबाखाली, खडक सरकत असताना भरलेल्या. तिथला द्रव कमी खारा, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांचा. मीठ साधारण ३ ते ७ टक्के, तापमान बहुधा २५० ते ३५० अंश. सोनं त्यात गंधकाच्या आधारानं, बायसल्फाइडच्या रूपात, म्हणजे गंधक-हायड्रोजनच्या जोडीला धरून, विरघळून येतं.

आता खरी अडचण. सोन्याच्या शिरेतली गारगोटी पांढरी, दुधी दिसते. ती दुधी असते याचं मोठं कारण म्हणजे तिच्यात कोट्यवधी कुप्या असतात. आणि त्यातल्या बहुसंख्य कुप्या सोन्याच्या वेळच्या नसतात. शीर भरल्यानंतर कोट्यवधी वर्षं खडक चिरडला, तडकला, सांधला. प्रत्येक तड्याबरोबर नवा द्रव आत आला. स्फटिकाच्या वाढीच्या पट्ट्यांना धरून असलेल्या त्या प्राथमिक कुप्या. सांधलेल्या तड्यावर ओळीनं बसलेल्या आणि स्फटिकाच्या कडेपार जाणाऱ्या त्या दुय्यम. तडा स्फटिकाच्या आतच संपत असेल, म्हणजे तो वाढ चालू असताना सांधला असेल, तर छद्मदुय्यम. पुस्तकात हे सोपं दिसतं. पुनःस्फटिकीभवन झालेल्या, म्हणजे कण नव्यानं घडलेल्या, दुधी गारगोटीत वाढीचे पट्टे पुसलेले असतात आणि 'प्राथमिक' म्हणावी अशी एकही कुपी सापडत नाही. तेव्हा सुट्या, एकट्या कुपीला प्राथमिक ठरवून मोजायला घेणं हा या क्षेत्रातला सगळ्यात जास्त होणारा घोटाळा आहे. तिचा काळ ठरवायला काहीच आधार नसतो.

गोल्डस्टाइन आणि रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये आग्रहानं मांडलेली कल्पना इथे कामाला येते: कुपी नव्हे, कुप्यांचा जथा मोजायचा. एकाच तड्यावर किंवा एकाच वाढपट्ट्यावर, एकाच वेळी अडकलेल्या दिसतात अशा कुप्या म्हणजे एक जथा. जथ्यातल्या बहुतेक कुप्यांचं तापमान १० ते १५ अंशांच्या आत आलं, तर त्या अडकल्यापासून तशाच राहिल्या असं मानायला जागा आहे. विखुरलं, तर काहीतरी बिनसलंय. सोन्याच्या कामात आणखी एक पाहावं लागतं: सोनं स्वतः कुठे बसलंय? बहुतेक वेळा ते गारगोटीच्या कणांमध्ये किंवा उशिराच्या बारीक तड्यांत, पायराइट आणि आर्सेनोपायराइट या लोह-गंधकाच्या खनिजांच्या सोबतीनं असतं. मग त्याच तड्यांशी जोडलेला कुप्यांचा जथा शोधायचा. तो दुय्यम असला तरी चालेल. आपल्याला सोन्याचा द्रव हवाय, गारगोटीच्या जन्माचा नव्हे. माझ्या मते एकूण वेळेपैकी निम्म्याहून जास्त वेळ इथेच जायला हवा. काप हातात आल्याबरोबर हीटिंग स्टेजवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तो थंड-गरम करणाऱ्या उपकरणावर, चढवणाऱ्याचे आकडे सुबक असतात आणि निरर्थक असतात.

कापाबद्दल सांगतो, कारण निम्मी कामं तिथेच बिघडतात. नेहमीचा थिन सेक्शन ३० मायक्रॉनचा असतो, तो इथे उपयोगाचा नाही. एक तर कुप्या कापल्या जातात, दुसरं म्हणजे तो काचेवर कायमचा चिकटलेला असतो. आपल्याला दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला सुटा वेफर हवा, साधारण १०० ते २०० मायक्रॉन. दुधी गारगोटीसाठी ८० ते १०० पर्यंत उतरावं लागतं, नाहीतर प्रकाशच पलीकडे जात नाही. सावकाश फिरणाऱ्या हिऱ्याच्या पात्यावर, पाणी सोडत, कापायचं. घाई केली की दगड तापतो आणि नवे तडे जातात. एक बाजू ४००, ६००, १००० ग्रिटवर घासून, मग ॲल्युमिनानं चमकवायची. प्रत्येक ग्रिटनंतर काप आणि हात दोन्ही नीट धुवायचे. मागच्या ग्रिटचा एक कण राहिला तरी शेवटपर्यंत ओरखडे जात नाहीत. मग ती बाजू काचेवर चिकटवायची. कॅनडा बाल्सम टाळा, त्याला हॉट प्लेटवर शंभरच्या वर तापवावं लागतं आणि त्यात नाजूक कुप्या फुटतात. थंडपणे बसणारा सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला नेहमीचा झटपट चिकटणारा गोंद, चांगला. दुसरी बाजू कापून, घासून, चमकवून झाली की काच ॲसिटोनमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची. सकाळी वेफर सुटून येतो. उन्हाळ्यात ॲसिटोन भराभर उडतो, म्हणून झाकणाची बरणी हवी, आणि ती ज्वालेपासून लांब हवी. गोंदातले हवेचे बुडबुडे कुप्यांसारखेच दिसतात. फोकस वर-खाली करून पाहा: ते नेहमी तळाच्या पृष्ठभागावर असतात.

वेफरचा फोटो काढा, त्यावर जथ्यांना क्रमांक द्या, आणि मग त्याचे ३ ते ५ मिलिमीटरचे तुकडे करा. तुकडे का, ते पुढे येईलच.

स्टेज साधारण उणे १९६ ते ६०० अंशांपर्यंत चालते. थंड करायला द्रव नायट्रोजन. त्याची कॅन इथल्या अनेकांनी पाहिलेली आहे. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या नळ्या त्यातच ठेवतात. आधी उपकरण कृत्रिम कुप्यांवर तपासायचं: शुद्ध कार्बन डायऑक्साइड उणे ५६.६ ला वितळला पाहिजे, शुद्ध पाण्याचा बर्फ ०.० ला, आणि क्रांतिक घनतेच्या पाण्याची कुपी ३७४.१ ला एकजीव झाली, म्हणजे तिच्यातला द्रव-वायू भेद मिटला, पाहिजे. फरक आला तर दुरुस्तीची रेषा काढून ठेवायची. तुकडा चांदीच्या ठोकळ्याला नीट टेकलेला नसेल तर आकडा काही अंशांनी चुकतो. पावसाळ्यात स्टेजच्या काचेवर दव आणि आत हिम जमतं, म्हणून थंड करण्याआधी कोरडा नायट्रोजन वायू आतून फिरवायचा.

मापनाचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडायचा नाही: आधी सगळी थंड मापनं, मग गरम. कुपी उणे १०० ते ११० पर्यंत नेली की सगळं गोठतं. सावकाश वर आणताना पहिला बदल कार्बन डायऑक्साइडच्या वितळण्याचा. तो नेमका उणे ५६.६ ला झाला तर वायू जवळपास शुद्ध. उणे ५७.५ किंवा ५८ ला झाला तर मिथेन किंवा नायट्रोजन मिसळलेला आहे. कोणता, हे या मापनावरून कळत नाही, त्यासाठी रामन वर्णपटमापक लागतो. त्यात कार्बन डायऑक्साइडच्या दोन रेषा १२८५ आणि १३८८ प्रति सेंटिमीटरच्या सुमारास दिसतात आणि मिथेनची २९१७ च्या.

पुढे बर्फ वितळतो, आणि इथे नवखे हमखास फसतात. साध्या खाऱ्या पाण्याच्या कुपीत बर्फ उणे ३ ला वितळला तर मीठ सुमारे ५ टक्के, उणे ५ ला तर ७.९ टक्के. हे समीकरण कार्बन डायऑक्साइड असलेल्या कुपीला लावायचं नाही. तिथे क्लॅथ्रेट नावाचा वायू आणि पाण्याचा घन पदार्थ तयार झालेला असतो. तो पाणी पकडून ठेवतो, मीठ मात्र बाहेर राहतं, त्यामुळे उरलेलं पाणी मुळापेक्षा जास्त खारं होतं आणि खारेपणाचा आकडा फुगतो. तिथे क्लॅथ्रेट वितळण्याचं तापमान घ्यायचं. बिनमिठाच्या कुपीत ते अधिक १० अंश असतं. ८ ला वितळलं तर मीठ सुमारे ३.९ टक्के, ७ ला तर ५.८. क्लॅथ्रेट डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. म्हणून अर्धा अंश वर न्यायचं आणि झटकन खाली आणायचं. ते शिल्लक असेल तर लगेच वाढतं आणि बुडबुडा चेपून वेडावाकडा होतो. पूर्ण वितळलं असेल तर बराच खाली जाईपर्यंत बुडबुडा गोल राहतो. शेवटी ०.१ अंशाच्या टप्प्यांनी जायचं. हे कंटाळवाणं आहे, पण यालाच वेळ द्या. त्यानंतर ३१.१ च्या आत कार्बन डायऑक्साइड एकजीव होतो. द्रवात झाला की वायूत, म्हणजे बुडबुडा आकसत विरला की वाढत सगळीकडे पसरला, हे लिहिलंच पाहिजे. २५ अंशांना द्रवात झाला तर घनता ०.७१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. वायूत झाला तर त्याच्या निम्म्याहूनही कमी.

मग गरम करणं. भरताचं वांगं भाजायच्या आधी आपण त्याला टोचे मारतो, नाहीतर ते आगीवर फुटतं. कुपीला टोचा मारता येत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या कुप्यांत आतला दाब इतका चढतो की एकजीव होण्याआधीच पुष्कळशा फुटतात. १० मायक्रॉनच्या आसपासची कुपी हजारेक बारला जाऊ शकते, मोठी आधी, छोटी नंतर. शेवटी टिकतात त्या छोट्या किंवा कमी घनतेच्या, आणि त्यांचीच सरासरी काढली तर चित्र एकांगी होतं. म्हणून किती फुटल्या आणि किती अंशांवर, हेही तक्त्यात यायला हवं. एका जथ्यासाठी तापवताना त्या तुकड्यातल्या बाकी सगळ्या कुप्याही तापतात, काही ताणल्या जातात. तुकडे लहान का करायचे, ते एवढ्यासाठी: एक तुकडा एकदाच तापवायचा.

एकजीव होण्याचं तापमान म्हणजे शीर भरण्याचं तापमान नव्हे. ती खालची मर्यादा. २ किलोबार दाबाखाली, म्हणजे साधारण सात-साडेसात किलोमीटर खडकाच्या भाराखाली, २५० ला एकजीव होणारा कमी खारा द्रव प्रत्यक्षात शंभराहून जास्त अंशांनी गरम असताना अडकलेला असू शकतो. अपवाद एक: द्रव अडकताना उकळत किंवा पाणी आणि वायू अशा दोन भागांत फुटत असेल तर दाबासाठीची ही दुरुस्ती लागत नाही. सोन्यासाठी हा अपवाद मोलाचा, कारण द्रव फुटला की हायड्रोजन सल्फाइड वायूत निघून जातो आणि सोन्याचा आधार सुटतो. भ्रंश, म्हणजे खडकातली भेग, सरकला की दाब एकाएकी उतरतो आणि हे घडतं. सिब्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याला झडपेची उपमा दिली. दुसरा मार्ग साधा आहे: गंधक शेजारच्या लोहयुक्त खडकाशी पायराइट बनवण्यात खर्च होतं. दोन्ही एकाच शिरेत घडू शकतात.

पण 'द्रव फुटला' असं म्हणायला पुरावा लागतो. एकाच जथ्यात पाणीबहुल आणि वायूबहुल कुप्या शेजारी, दोन्ही त्याच तापमानाला एकजीव, एक द्रवात आणि एक वायूत. नुसतं बुडबुड्यांचं प्रमाण कमीजास्त दिसणं पुरत नाही. लांबट कुपी थंड होताना मध्येच चिमटून तिच्या दोन होतात, एकीत बुडबुडा जातो, दुसरीत पाणी. कुपी गळली तरी तसंच दिसतं.

सराफ मंडळींकडून एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: या कुप्या पाहून शिरेत सोनं आहे की नाही ते कळतं का? नाही. हट्टीसारख्या पट्ट्यात सोनं असलेल्या आणि वांझ शिरांमध्येही सारखाच द्रव सापडू शकतो. कसोटीवरची रेघ टंच सांगते, तशी ही कुपी सोनं सांगत नाही. द्रव फुटल्याचा पुरावा शिरेच्या कोणत्या उंचीवर जास्त मिळतो, ते खोलीनुसार घेतलेल्या नमुन्यांवरून कळू शकतं, आणि पुढचं बोअर कुठे टाकायचं याला त्याची मदत होते. पण सोनं आहे का, ते शेवटी बोअरमधून आलेल्या गाभ्याची ॲसे, म्हणजे सोन्याच्या प्रमाणाची तपासणी, करूनच ठरतं.