रेडिएशननंतर उरलेली गाठ

[ऑपरेशन थिएटर. प्लॅस्टिकच्या आवरणातले रोबोटचे हात.]

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कॅन्सरला रेडिएशन दिलं, तरी गाठ उरली. आता ती ग्रंथीच काढायची. पेशंटचं डोकं खाली, पाय वर. पोटात कार्बन डायऑक्साइड भरलाय. सर्जन टेबलापाशी नाहीत. ते पलीकडे कन्सोलवर, भिंगाला डोळे लावून बसलेत.

[पडद्यावर आतलं दृश्य.]

हा पांढरट, चिवट भाग बघा. एरवी प्रोस्टेट आणि गुदाशयामधला पदर अलगद सुटतो. रेडिएशन झालेल्या शरीरात तो चिकटून बसतो. म्हणून कात्री जराशी पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते.

ग्रंथी सुटली. आता ओटीपोटात सलाइन भरायचं आणि गुदद्वारातून हवा सोडायची. बुडबुडे आले, तर गुदाशयाला भोक पडलं.

नाही आले. मग मूत्राशय आणि मूत्रमार्ग टाके घालून जोडायचे.

[रिपोर्टांची फाइल.]

पीएसए म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन. रेडिएशननंतर पीएसए खाली येतो. त्या नीचांकाच्या वर तो मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमने चढला, की आजार परतला असं धरतात. पण परतला कुठे? ते पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते दाखवणारा) आणि बायॉप्सीतून कळतं. गाठ प्रोस्टेटपुरतीच असेल आणि तब्येत धडधाकट असेल, तर ऑपरेशनचा विचार होऊ शकतो. बऱ्याच जणांपर्यंत हा पर्याय पोचतच नाही. फाइलवर सरळ हार्मोनचं इंजेक्शन लिहिलं जातं.

[शिकागो. कृष्णधवल छायाचित्र.]

ते इंजेक्शन आलं कुठून, तर इथून. १९४१. सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तोडलं तर हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सरसुद्धा मागे हटतो. त्याआधीचे प्रयोग कुत्र्यांवरचे; म्हातारपणी प्रोस्टेट वाढते ती कुत्र्यांचीही. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. ते अंडकोष काढत किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन देत. अंडकोष काढण्याचं ऑपरेशन आजही होतं. ल्युप्रोलाइडसारखं इंजेक्शन तेच काम चाकूविना करतं.

आजार पसरला असेल, तर हार्मोनचाच आधार. पण नुसत्या हार्मोनने गाठ दबते, मुळासकट जात नाही. पुढे ती टेस्टोस्टेरॉन तोडलेलं असतानाही वाढू लागते.

[वॉर्ड. कॅथेटरची पिशवी.]

कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, नेहमीपेक्षा जास्त दिवस. लघवीवरचा ताबा अनेकांना पुरता परत मिळत नाही, ताठरता बहुधा जाते. ऑपरेशनआधी याची कल्पना दिलेली असते.

[पॅथॉलॉजी लॅब.]

काढलेल्या ग्रंथीच्या कडा शाईने रंगवतात, मग तिचे काप करतात. शाईला कॅन्सरच्या पेशी भिडलेल्या दिसल्या, तर काही आत राहिलं असण्याची शक्यता. तसं असलं किंवा नसलं, तरी काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा तपासायचाच.