कुतचा वेढा आणि गावची पंगत

महिना ११ रुपये. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणीतल्या शिपायाचा हा मूळ पगार. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या डोंगराळ गावांतली विशी-बाविशीतली पोरं तेवढ्यावर १०३, ११०, ११७ नंबरच्या मराठा पलटणींत भरती झाली आणि तुर्कांशी लढायला बोटीनं आजच्या इराकमधल्या बसऱ्याला उतरली. तिथून टायग्रिस नदीच्या काठाकाठानं वर.

लढाई रोज नसायची. रोज असायचं ते खंदक खणणं, पाणी वाहणं, राहुटीतल्या माश्या आणि पत्राची वाट बघणं. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला एखादा शिकलेला लिहून द्यायचा, गावात मास्तर किंवा कुलकर्णी वाचून दाखवायचा. बायकोला मनातलं काही सांगायचं, तर ते आधी एवढ्या जणांच्या कानांवरून जाणार! मग उरायचं काय? बैलाची, पावसाची, मनिऑर्डरची चौकशी. ती कोरडी वाटली तरी कोरडी नव्हती. बैल गेला, तर ११ रुपयांचं सगळं गणितच कोसळायचं.

नोव्हेंबर १९१५. बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनचा रेटा मोडला. या मराठा पलटणी तिच्यातच होत्या. फौज मागं हटली ती नदीच्या वळणातल्या कुत-अल-अमारा गावात अडकली. डिसेंबरात तुर्कांचा वेढा पडला. नेहमीचं टपाल बंद.

जव होते, पण दळायचे कशावर? विमानातून जात्याच्या तळ्या टाकाव्या लागल्या. पुढं तेही पुरेना. मग घोडे, खेचरं कापायला सुरुवात झाली. गोरे शिपाई खाऊ लागले. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी नाही म्हटलं.

भूक नव्हती असं नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं, ताज्या भाजीपाल्याअभावी होणाऱ्या स्कर्व्हीनं माणसं इस्पितळात पडत होती, रानातलं तण खुडून त्याची भाजी चालली होती. पण शेजारचा शिपाई आपल्याच गावचा, नाहीतर भावकीतला. इथं तोंडाला लावलेलं उद्या गावात कळणार. मग पंगतीत कोण बसवून घेणार? धाकट्या बहिणीची सोयरीक कोण करणार? टाउनशेंडनं बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली. ती आलीही. तरी एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकजण हटून बसले. अडचण धर्मगुरूंची नव्हतीच मुळी, गावकीची होती. आणि तिला तार करणार कुठं?

२९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडलं. सुमारे १३,००० जण कैद झाले. शिपायांना बगदाद, मोसुल करत उन्हातून चालवलं. पुष्कळ हिंदी कैद्यांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. किती तरी परतले नाहीत.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर मेलेल्या गोऱ्या शिपायाचं नाव कोरलेलं होतं. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावं होती. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. याबद्दल राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं माफी मागितली, ती २०२१ साली.